चाचीच्या अंगणातला कापूस

आजकाल कुठं मतिमंद मुलांसाठी दिवसाची शाळा निघाली की पेपरात फोटो येतो. फीत कापतात, नारळ फोडतात, पाहुणे 'दोनच शब्द बोलतो' म्हणून तासभर बोलतात. मला बोलावलं तर मी जाते, पुढच्या रांगेत बसते आणि मनातल्या मनात चडफडते. अशी शाळा मी यवतमाळात केव्हाच पाहिली आहे. तिला पाटी नव्हती आणि नावही नव्हतं. ती एका पिंजाऱ्याच्या अंगणात भरायची आणि चालवायची त्याची बायको, जिला सगळा मोहल्ला चाची म्हणायचा.

आधी माझ्या पोरीचं सांगते. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली, एकुलती एक. चालायला उशीर, बोलायला उशीर, आणि बोलली तेही चार-दोन शब्द. डॉक्टर म्हणाले, मेंदूची वाढ कमी आहे, यावर औषध नाही. शाळेत घातली तर मास्तर स्वतः हाताला धरून परत आणून सोडून गेले. बिचारे चांगले होते, दारात उभे राहून माफी मागत होते. लोक तिला भोळी म्हणायचे, म्हणजे माझ्या तोंडावर. पाठीमागे काय म्हणायचे ते मला ठाऊक होतं, मी काही बहिरी नव्हते.

आमचे हे कचेरीत कारकून. महाराष्ट्र नवा नवा झाला होता, कचेरीतले हिंदी कागद मराठीत उतरवायचं काम जोरात होतं, आणि हे दिवसभर तेच करून मान अवघडून घरी यायचे. लोक त्यांना देवमाणूस म्हणायचे. आमच्या भागात देवमाणूस म्हणजे ज्याला कुणालाच 'नाही' म्हणता येत नाही तो. थोरल्या भावाला तर मुळीच नाही.

हे थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे, नागपुरात मोठ्या हुद्द्यावर होते. त्या वर्षी गणपतीत आले आणि जेवण झाल्यावर पान लावता लावता म्हणाले, "तिथल्या मोठ्या दवाखान्यात माझी ओळख आहे. अशा मुलांना ते ठेवून घेतात. दिवाळी झाली की मी येतो अन् पोरीला घेऊन जातो. तिचे कपडे भरून ठेवा."

मी आत होते, डोक्यावर पदर. भासऱ्यांसमोर बोलायची रीत नव्हती. ते बैठकीत असले की नवऱ्याशीसुद्धा आम्ही खुणेनं बोलायचो. मी दाराआडून सगळं ऐकलं आणि हातातली पळी अशी आदळली की भिंतीचा पोपडा निघाला. बाहेर हे म्हणाले, "बरं, दादा."

बरं, दादा! मला तर त्या दोन शब्दांचा असा संताप आला म्हणून सांगू! भासरे गेल्यावर मी ह्यांना सोडलं नाही. "पोटची पोर आहे, काही फुटकं भांडं नाही, मोडीत द्यायला." हे खाली मान घालून बसले. मग म्हणाले, "दादा वाईट थोडेच सांगतात? इथं ती दिवसभर काय करते? दाराला कडी लावून बसवतो आपण तिला. तिला दिवस घालवायला एखादी जागा असती, तर गोष्ट वेगळी होती."

मी ते वाक्य पदराला बांधून ठेवलं. जागा असती तर. पण जागा कुठून आणू? यवतमाळात काय, अमरावतीतही अशी जागा असल्याचं मी तेव्हा ऐकलं नव्हतं.

दसऱ्याच्या आसपास पिंजारी घरोघर फिरायला लागतात. थंडीच्या आधी जुन्या गाद्या-रजया उसवायच्या, आतला दबलेला कापूस पिंजून फुलवायचा आणि परत भरायचा. मी आमची रजई धुवून-उसवून देणार होते, पण त्याआधीच पोरीनं डाव साधला. मी भाजी आणायला गेले आणि कडी लावायची राहिली. येऊन बघते तर माजघरात रजई फाडलेली आणि सगळा कापूस जमिनीवर! मी डोक्याला हात लावला, तोंडाचा पट्टा सुटला. ती मात्र मांडी घालून शांत बसलेली. एकेक पुंजका उचलायची, डोळ्याजवळ न्यायची, त्यातली पत्ती, सरकीचा तुकडा, केस, काय असेल ते चिमटीनं काढून बाजूला ठेवायची.

नेमकी त्याच वेळी चाची दारात आली. रजई न्यायलाच आली होती. उंच, हाडापेरानं मजबूत, डोळ्यांत सुरमा, तोंडात पान, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाला कळावं कोण आलंय. तिनं माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. मला वाटलं, आता 'अरेरे' म्हणेल, 'पिछले जनम का पाप' म्हणेल. सगळे म्हणायचे.

चाची म्हणाली, "ये बाई वो, हे पोट्टी मले दे."

"काय?"

"मले दे म्हनते. सकाळी घिऊन जाईन, दिवे लागायच्या आत आनून सोडीन. माह्या अंगणात कापूस वेचाले मानसं नाहीत, अन् तू इथं कडी लावून बसून राह्यली!"

मला असा राग आला! "माझी पोर काय मांजराचं पिल्लू आहे का, मागितलं की द्यायला?"

"मांजरीले तं समजते, पिल्लू कुठं नेऊन ठेवाव ते," चाची म्हणाली, आणि जोतं चढून सरळ माझ्या पोरीसमोर जाऊन बसली. एक पुंजका उचलला, डोळ्याजवळ नेला, पत्ती काढली, तिच्या ढिगात टाकली. पोरीनं तिच्याकडे पाहिलं. मग आपल्या ढिगातला एक पुंजका उचलून तिच्या हातात दिला. माझी पोर कुणाला काही देत नसे. तिच्या हातचं मला कधी मिळालं नव्हतं. मी दारात उभी राहून रडायला लागले आणि चाची माझ्यावरच ओरडली, "रडून कायले राह्यली वो? चहा टाक!"

चाचीचा एकच मुलगा, चांगला दांडगा, मिसरूड फुटलेला, आणि माझ्या पोरीसारखाच. एक शब्द बोलत नसे. कुणीतरी सांगितलं म्हणून लहानपणी त्याला पाय बांधून ठेवायचे. एक दिवस चाचीनं ती दोरी चुलीत घातली आणि त्याच्या हातात कापूस बडवायची काठी दिली. एवढाच त्या शाळेचा इतिहास. पुढं टांगेवाल्याचा नातू यायला लागला, मग पानवाल्याची लेक. कुणाच्या आईनं कुणाच्या आईला सांगितलं, असं करत सहाएक पोरं जमली होती. माझी सगळ्यात शेवटची.

चाचीची एक रीत होती आणि ती मोडलेली तिला खपत नसे. प्रत्येक पोराला एक काम. एकच, पण ते पूर्ण त्याचं. टांगेवाल्याचा नातू खोळीचा कोपरा धरायचा. पानवाल्याची लेक लांब सुईत दोरा ओवायची, कधी कधी अर्धा तास लागायचा, पण तिच्या हातातून सुई कुणी घेतली की चाची अंगावर यायची. चाचीचा मुलगा भरलेली रजई काठीनं बडवून सारखी करायचा. माझ्या पोरीला तिनं वेचायला बसवलं. कचरा इकडे, पिवळा पडलेला कापूस तिकडे, पांढरा मधे. तीन ढीग. मी एकदा मदत करायला म्हणून बसले तर चाची म्हणाली, "तू उठ. तुह्यामुळे तिचं काम कमी होऊन राह्यलं."

धूळ उडायची म्हणून सगळ्यांच्या नाकातोंडाला फडकं बांधलेलं असायचं. चाचा कोपऱ्यात पिंजण चालवायचे, त्याच्या ताणलेल्या तातीचा धुंग-धुंग आवाज दिवसभर. चाची त्या पोरांना रागवायची, चिडवायची, आळस केला तर पाठीत धपाटाही घालायची. कीव मात्र करायची नाही. कुणी पाहायला आलं आणि 'बिचारी' म्हणालं की ती म्हणायची, "बिचारे तुमी. काम करायच्या टायमाले उभे राहून पाहून राह्यले." स्वतःचं कौतुकही पोटभर करायची. "अख्ख्या यवतमाळात माह्यासारखी रजई कोनी भरून दाखवा!" हे तिचं रोजचं. आणि खरं होतं ते, म्हणून राग यायचा नाही.

माझी पोर बदलली. सकाळी उठली की स्वतःच फडकं घेऊन दारात जाऊन बसायची. संध्याकाळी दमून यायची आणि जेवायची, नीट, इतर मुलांसारखी. मी ह्यांना रोज सांगायचे. हे 'हं' म्हणायचे. कचेरीतून यायचे तोवर पोर झोपलेली असायची, त्यांनी तिला काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. एक दिवस मात्र आपणहून म्हणाले, "चाचीचं अंगण असंच चालू राहिलं, तर दादांना काहीतरी सांगता येईल." माझ्यासाठी तेवढं पुष्कळ होतं. आता सगळं त्या अंगणावर होतं.

आणि दिवाळी तोंडावर आली असताना ते घडलं.

पिंजाऱ्याच्या धंद्यात एक नियम फार कडक. ज्या घरचा कापूस, त्याच घरी परत. अंथरूण-पांघरूण म्हणजे घरातली फार आतली गोष्ट. त्यावर बाळंतपणं झालेली असतात, आजारपणं निघालेली असतात. दुसऱ्याच्या कापसावर कुणी झोपत नाही. म्हणून चाची प्रत्येक घरचा कापूस त्याच घरच्या चादरीत बांधून ठेवायची. त्या दिवशी अंगणात चार गाठोडी होती. एक आमच्या गादीचं. एक टांगेवाल्याचं. एक वकिलीणबाईंचं, त्यांच्या मोठ्या गादीचं. चाची राहायची ते घर आणि अंगण वकिलांच्याच मालकीचं. आणि एक दारव्हा रस्त्यावरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यातल्या बाईचं. त्या बाईच्या मुलीचं लग्न होतं. यंदाच्या पहिल्या वेचणीचा, शेतात सीतादहीची पूजा करून घरी आणलेला कापूस तिनं स्वतः सरकी काढून लेकीच्या गादीसाठी दिला होता. पांढरा शुभ्र. तसा कापूस त्या अंगणात दुसरा नव्हता.

दुपारी शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या आणि चाची तिकडे धावली. चाचा गाद्या पोचवायला गेले होते. माझ्या पोरीनं आपलं गाठोडं संपवलं. काम संपलं, आणि समोर अजून कापूस दिसतोय. तिनं दुसरं गाठोडं सोडलं. मग तिसरं. मग चौथं.

मी तिला न्यायला गेले तेव्हा चाची अंगणाच्या मधोमध कपाळाला हात लावून बसली होती. समोर तीन ढीग. कचरा, पिवळा, पांढरा. चारही घरांचा. आणि चार चादरी घडी करून एकावर एक ठेवलेल्या. पोरीनं इतकं सुंदर काम आयुष्यात केलं नव्हतं. ती उभी राहून हसत होती, शाबासकीची वाट पाहत होती.

"या अल्ला," चाची म्हणाली. "कोनाचा कोन्ता, आता तो वरचा बी सांगू नाही शकनार."

मग ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. उठून माझ्या पोरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "शाबास, बिटिया. मी जे शिकवलं थे तूनं बराबर केलं. घरं वेगळी असतात हे मीच तुले नाही सांगितलं."

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. घाबरल्यामुळे हे त्या संध्याकाळी पहिल्यांदाच माझ्याबरोबर चाचीकडे आले आणि हळूच म्हणाले, "चाची, बोलायचंच कशाला? चार खोळी सारख्या भरून द्या. कापूस तो कापूस. कुणाला कळणार आहे?"

"मले मालूम हाये ना, बाबूजी," चाची म्हणाली. "मी दर घरी सांगते, माह्या हातून तुमचं तुमच्याच घरी येते. आता खोटं बोलली, तं उद्यापासून कोन्त्या तोंडानं सांगू?"

हे चपला घालून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाची डोक्यावर पदर घेऊन निघाली आणि सगळं खरं सांगत घरोघर गेली. काय बाई होती! स्वतःच्या चुकीची दवंडी पिटायला निघालेली, आणि तेही मान ताठ ठेवून. टांगेवाला हसला, म्हणाला, आमचं काय, आम्ही गवतावरही झोपतो. वकिलीणबाईंनी मात्र आकाशपाताळ एक केलं. कुणाकुणाचा कापूस, कुठल्या कुठल्या घरचा, मोहल्ल्याचा, तांड्याचा, आणि तो आमच्या अंगाखाली? संध्याकाळी वकिलांचा निरोप आला. धंदा करायचा तर करा. पण उद्यापासून ती पोरं माझ्या जागेत नकोत.

त्या दिवशी मी जेवले नाही. अंगण गेलं म्हणजे दादांना सांगायचं कारण गेलं. दिवाळी उंबरठ्यावर होती. मी पेटी उघडून पोरीचे परकर घडी करायला घेतले आणि केलेली घडी परत परत मोडत बसले.

रविवारी तांड्यावरची बाई गादी न्यायला येणार होती. मी गेले. हेही आले, कचेरीला सुट्टी होती. पोरीला सोबत घेतलं होतं, तिला घरात ठेवलं तर तिनं आकांत केला असता. ती जाऊन थेट तिच्या ढिगांपुढे बसली. चाचीनंही तिला उठवलं नाही. "आज तं बसू दे," म्हणाली.

तांड्यावरची बाई आली. अंगात आरशांची कांचळी, कोपरापर्यंत बांगड्या, उन्हातून चालत आलेली. चाचीनं तिला पाणी दिलं आणि मग सगळं सांगितलं. त्या बाईनं तांब्या खाली आदळला. मग तिनं आपल्या बोलीत चाचीला जे झोडपायला सुरुवात केली! आम्हाला त्यातला एक शब्द कळला नाही आणि सगळं कळलं. मधेच ती मराठीवर आली. "सीतादहीचा कापूस होता थो! माह्या लेकीसाठी मी माह्या हातानं वेचला थो! वकिलीनबाईचं जाऊ दे, तिच्यापाशी धा गाद्या हायेत. माह्यी एकच पोरगी हाये!"

खरी नुकसानी तिचीच होती. मला तोंड वर करून पाहवेना. ती म्हणाली, "कोनं केलं हे?"

चाची तोंड उघडणार तोच मी पुढं झाले. "माझ्या मुलीनं. ही बसली आहे ती."

ती बाई पोरीसमोर खाली बसली. आरसे लखलखले तसं पोरीनं वर पाहिलं, पुन्हा कामाला लागली. बाईनं पांढऱ्या ढिगात हात घातला, पार कोपरापर्यंत, आणि आत चाचपत राहिली. पत्ती शोधत होती, सरकी शोधत होती. ढिगाच्या दुसऱ्या बाजूनं हात घातला. मग एक पुंजका काढून उन्हात धरला. चाचा पिंजण थांबवून पाहत होते. आमच्या ह्यांच्याकडे माझं लक्ष गेलं. ते बाईकडे पाहतच नव्हते. ते आपल्या मुलीच्या बोटांकडे पाहत होते, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"माह्या कापसात पत्ती होती," बाई शेवटी म्हणाली. "मी बम वेचली, तरी राह्यलती. आता नाही." तिनं पोरीच्या हनुवटीला हात लावला. "ये छोरी, तुनं माह्या लेकीले टोचाचं काही ठेवलं नाही वो."

मग चाचीकडे वळून म्हणाली, "याच ढिगातून भर. पन त्या वकिलीनबाईले जाऊन सांग. तिचा कापूस माह्या लेकीच्या गादीत येऊन राह्यला. मी काही बोलली का?"

चाची अशी हसली की पान बाहेर आलं. मीही हसले. हसता हसता वाटलं, आता ही पोरं कुठं बसतील? चाचीलाही तेच वाटलं असावं, कारण तिनं माझ्या पोरीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "काही हरकत नाही. रस्त्यावर निंबाखाली बसवीन. रस्ता तं वकिलाचा नाही."

"आमच्याकडे मागं पडवी आहे," कुणीतरी म्हणालं.

मी वळून पाहिलं. हे बोलले होते! इतक्या हळू की चाचीला ऐकूच गेलं नाही. त्यांनी घसा साफ केला. "मागची पडवी रिकामीच आहे. गोवऱ्या अन् लाकडं काढली की सगळी मावतील. म्हणजे, तुम्हाला चालत असेल तर."

"मले चालून राह्यलं," चाची म्हणाली. "पन तुमाले लोकं काय म्हनतील, बाबूजी?"

घरी येऊन ह्यांनी सदरा काढला आणि लाकडं हलवायला सुरुवात केली.

लोक म्हणायचे ते म्हणालेच. आमच्या आळीत पिंजाऱ्याचं पिंजण, तांड्याचा कापूस आणि सहा वेडी पोरं! शेजारणीनं आठ दिवस माझ्याकडून विरजण नेलं नाही. नको नेऊस, तुझंच दही पातळ होईल, म्हटलं. चाची रोज सकाळी पोरांची रांग घेऊन यायची आणि माझ्या दारात येऊन माझ्यावरच हुकूम सोडायची. प्रत्येक घरचं गाठोडं आता वेगळ्या खुंटीला टांगलेलं असायचं, आणि पोरीसमोर एका वेळी एकच यायचं.

दिवाळी झाली. रविवारी सकाळच्या गाडीनं भासरे आले. पुढच्या दारात कुणी नाही म्हणून बोळातून मागं आले आणि तिथंच थबकले. पडवीभर कापूस उडतोय, सगळ्यांच्या नाकाला फडकी. टांगेवाल्याच्या नातवाला ताप होता, म्हणून त्याचा कोपरा धरून तोंडाला रुमाल बांधलेला एक माणूस उकिडवा बसलेला. तो आपला भाऊ आहे हे त्यांना पटकन ओळखूच आलं नाही.

"हे काय चाललंय?" ते म्हणाले. "पोरीचे कपडे भरले का?"

"दादा, जरा त्या बाजूला बसा," हे म्हणाले. "कोटाला कापूस लागेल."

"मी बसायला आलो नाही. दुपारची गाडी आहे."

"ती आज नाही येऊ शकत. ही रजई अर्धी आहे."

"मग उद्या?"

"उद्या दुसरी आहे."

भासरे बाजेवर बसले. रागावले नव्हते ते, हे मला आजही कबूल आहे. दमल्यासारखे म्हणाले, "अरे, तुम्ही दोघं आहात तोवर ठीक आहे. तुम्ही गेल्यावर? तेव्हा हिचं कोण?"

पिंजण थांबलं. चाचीचा हात सुईवर तसाच राहिला. हा प्रश्न तिथल्या प्रत्येक आईच्या घशात रोज अडकलेला होता, फक्त तो मोठ्यानं कुणी विचारला नव्हता. हे म्हणाले, "ते मला माहीत नाही, दादा."

"माहीत नाही, म्हणूनच मी म्हणतो..."

आणि मला राहवलं नाही. डोक्यावरचा पदर सावरला आणि मी खांबाआडून बाहेर आले. लग्नानंतर पहिल्यांदा भासऱ्यांसमोर तोंड उघडलं. "आम्ही गेल्यावरचं आम्हालाही माहीत नाही. पण तुमच्या त्या दवाखान्यात सकाळी कुणी तिला हाक मारायला येईल का, की चल, तुझ्यावाचून काम अडलंय? इथं येतात. रोज येतात." मग ह्यांच्याकडे वळले आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "आणि तुम्ही! आज तुम्ही 'बरं, दादा' म्हणाला नाहीत. मला तुमचा अभिमान वाटतो." हे रुमालाआड असे लाजले की चाची तोंड फिरवून हसायला लागली.

एवढ्यात माझी पोर आपल्या जागेवरून उठली. भासऱ्यांच्या काळ्या कोटावर कापसाचे पुंजके बसले होते. ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि एकेक पुंजका चिमटीनं काढायला लागली.

भासरे आखडले. "हे काय करते ही?"

"तुमाले साफ करून राह्यली, साहेब," चाची म्हणाली. "हलू नका."

ते हलले नाहीत. पोरीनं त्यांची एक बाही संपवली, दुसरी घेतली, मग कॉलर. त्यांच्या मानेजवळ तिचे हात होते तेव्हा त्यांनी डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं ते त्यांनी पुसलं नाही, कारण चाचीनं हलू नका म्हटलं होतं. शेवटचा पुंजका पोरीनं डोळ्याजवळ नेला, उलटसुलट करून पाहिला आणि जाऊन पांढऱ्या ढिगावर ठेवला.

दुपारच्या गाडीनं भासरे एकटेच गेले.